रक्त पातळ, भाजी घट्ट

माझ्या डाव्या पायावरून कांद्याचं पिकअप गेलं, ही बातमी आमच्या शाळेत अजूनही माझ्या आधी पोचते. नवीन शिक्षक रुजू झाले की मुख्याध्यापक ओळख करून देतात, "हे आमचे गणिताचे सर. कांद्याच्या पिकअपखाली आले होते." इतकी वर्षं शिकवलेलं गणित कुणाच्या लक्षात नाही, कांदे आहेत.

घडलं ते साधंच. जुलै महिना होता. अक्कलकोट रोडला रस्त्याचं काम चाललेलं, म्हणजे खडी टाकून माणसं निघून गेलेली. माझी मोटारसायकल घसरली, मी आडवा झालो आणि मागून मार्केट यार्डाकडे निघालेलं पिकअप आलं. चालकानं ब्रेक दाबला, पण खडीनं ऐकलं नाही. पुढचं चाक गुडघ्याखालून गेलं. चालक बिचारा भला माणूस. त्यानं आणि रस्त्यावरच्या दोघांनी मला उचलून पोत्यांवर ठेवलं आणि थेट दवाखान्यात आणलं. तिथं माझी पँट कापताना नर्स डोळे पुसत होती. आपल्यासाठी कुणीतरी रडतंय म्हणून मला जरा बरं वाटलं. नंतर लक्षात आलं की माझ्याखाली बरेच कांदे चिरडले होते.

नडगीत रॉड घातला. रक्त फार गेलं होतं. आमच्या शाळेतून शिकून गेलेली, आता कॉलेजात असलेली पोरं येऊन रक्त देऊन गेली. त्यातला एक दहावीला गणितात दोनदा नापास झालेला. त्याचं रक्त अंगात गेल्यावर तुमचंही गणित बिघडणार, असं एका सहकाऱ्यानं भाकीत केलं. ते खरं ठरलं, पण दोष त्या पोराचा नव्हता.

आता आईबद्दल सांगायला हवं. आई आमच्याकडेच असते, वय सत्तरीच्या पुढं. माहेर दुधनीजवळच्या खेड्यातलं, त्यामुळे लहानपणी तिच्या तोंडात कन्नड आधी बसलं आणि मराठी मागून. नोकरी मात्र मराठी शाळेत, सगळी हयात दुसरीच्या वर्गावर. दुसरीच्या वर्गावर इतकी वर्षं काढलेलं माणूस समोरच्याला दुसरीतलाच समजतं, मग तो जावई असो की जिल्हाधिकारी. आणि वाढायला बसली की तिचा हात कुणाला अडवता येत नाही. कन्नडमध्ये "साकु" म्हणजे पुरे. आमच्या घरात हा एकच कन्नड शब्द सगळ्यांना येतो, कारण तो ताटावर आडवा हात धरून म्हणावा लागतो. तो आम्ही म्हणायचा आणि आईनं ऐकायचा नाही, अशी रीत आहे. तिच्या स्वतःच्या तोंडून तो कधी ऐकल्याचं मला आठवत नाही.

दवाखान्यातून घरी आल्यावर आईनं पहिला प्रश्न विचारला तो रक्ताचा.

"तुझ्या अंगात आता परक्याचं किती आहे?"

मी म्हटलं, बरंच असेल.

"परक्या रक्तावर माणसानं किती दिवस काढायचे?" ती म्हणाली. "पाहुण्याच्या भरवशावर संसार होतो का? आपलं आपण करायला पाहिजे की."

तिच्या डोक्यात काय शिजतंय हे तेव्हाच ओळखायला हवं होतं. पण त्याच आठवड्यात पाय सुजला, त्यामुळे लक्ष तिकडं गेलं.

पोटरी टणक झाली, गरम लागायला लागली. टाके बरे होते, हाड जागेवर होतं, तरी पाय भोपळ्यासारखा फुगत चालला. आईचा धाकटा भाऊ, माझा मामा, गावाकडून बघायला आला होता. त्यानं पाय पाहिला आणि दुसऱ्या दिवशी एक माणूस घेऊन आला. तो माणूस हाडं बसवायचा, शिरा मोकळ्या करायचा, बैलांचंही करायचा. हातात तेलाची बाटली होती.

"रगात साकळलंय त्ये," मामा म्हणाला. "चोळल्याबिगर कसं उतरंल? ह्यो हात फिरवतोय तवर सूज पळती बघ."

मला तर वाटत होतं, चोळू दे. ठणका इतका होता की पिकअप परत आलं असतं तरी चाललं असतं. पण आई दारात उभी राहिली. घरी सोडताना दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, पाय सुजला तर चोळायचा नाही, लगेच दाखवायचा. डॉक्टरांनी सांगितलं म्हणजे ते फळ्यावर लिहिलं गेलं, असा आईचा हिशोब.

"चहा घ्या, पोहे खा," ती त्या माणसाला म्हणाली. "पायाला हात लावायचा नाही."

"आगं पण आक्का," मामा म्हणाला, "लांबनं आणलंय त्याला."

"मग त्याला लांबच ठेव."

तो माणूस पोहे खाऊन, तेलाची बाटली तशीच घेऊन परत गेला. मामा रुसला, पण पोहे त्यानंही खाल्ले.

दुपारी आम्ही दवाखान्यात. सोनोग्राफी झाली. पोटरीच्या आतल्या शिरेत रक्ताची गाठ सापडली. डॉक्टरीणबाई माझ्या बायकोपेक्षाही लहान वयाच्या, पण बोलणं स्वच्छ. त्यांनी आम्हाला तिघांना बसवून समजावलं. मोठी जखम झाली की शरीर रक्त गोठवायच्या मागं लागतं, नाहीतर माणूस जाग्यावर संपेल. ते काम चोख होतं. पण कधी कधी जखम भरत आली तरी रक्ताचं घाबरणं जात नाही. त्यात तुम्ही पलंगावर पडून, पाय हलत नाही, मग ते नको तिथं गोठत बसतं. "आणि हा पाय चोळला असता," त्या म्हणाल्या, "तर गाठ सुटून फुप्फुसात गेली असती. मग मला हे सगळं समजावून सांगायची वेळच आली नसती."

बायकोनं आईकडं पाहिलं. आई वर्गात पहिली आलेल्या मुलीसारखी बसली होती. माझा जीव त्या दिवशी तिनं वाचवला. पुढचं सगळं वाचताना हे ध्यानात ठेवावं, मीही ठेवतो.

मग आधी इंजेक्शनं आणि त्याच्याबरोबर एक बारकी गोळी सुरू झाली. रक्त पातळ ठेवायची गोळी. ती रोज ठरल्या वेळी घ्यायची आणि ठरावीक दिवसांनी रक्त तपासून एक आकडा बघायचा. आकडा दोन आणि तीनच्या मध्ये हवा. दोनच्या खाली गेला तर गाठ वाढणार, तीनच्या फार वर गेला तर दात घासतानाही रक्त थांबणार नाही. मला हे आवडलं. औषधोपचारात इतकं गणित असतं हे कुणी आधी सांगितलं असतं तर मी डॉक्टरांशी जरा आदरानं वागलो असतो.

आईला मात्र "पातळ" हा शब्द सोसला नाही.

"एवढं सांडलं," ती रिक्षात म्हणाली, "आणि उरलंय ते पातळ करायचं?"

बायकोनं समजावलं, मी समजावलं. आईनं मान हलवली. दुसरीतल्या पोरानं "बाई, मला समजलं" म्हणताना हलवावी तशी. डॉक्टरांच्या विरोधात ती गेली नाही, हे सांगायला हवं. गोळी ती स्वतःच्या हातानं द्यायची, पाण्याच्या तांब्यासकट, एक दिवस चुकला नाही. गोळी हे डॉक्टरांचं काम होतं. रक्त वाढवणं हे तिचं.

आणि रक्त कशानं वाढतं हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. तेच तर ती जन्मभर शिकवत आली होती. मुलांनो, पालेभाज्या खाल्ल्यानं काय होतं? रक्त वाढतं, बाई. आमच्या निम्म्या सोलापुरानं हे तिच्यापुढं हाताची घडी घालून म्हटलेलं आहे.

तेव्हापासून सकाळी मेथी, संध्याकाळी राजगिरा. शेपू, चाकवत, अंबाडी, तांदुळजा. पावसाळ्यात जे जे उगवतं ते ते आमच्याकडं शिजायचं. मंडईतल्या भाजीवाल्या तिला लांबून हाका मारायला लागल्या. पाणी मुळी घालायचं नाही, पीठ पेरून, शेंगदाण्याचं कूट घालून, लसणाची फोडणी देऊन अशी घट्ट करायची की पळी उभी राहावी. रक्त पातळ करणारे करोत, भाजी घट्टच असणार. मी "साकु, साकु" म्हणत होतो. रीतीप्रमाणे ते ऐकलं जात नव्हतं. आणि खरं सांगायचं तर भाजी चवीला उत्तम होती. पलंगावर पडलेल्या माणसाला दुसरं सुख काय असतं?

आकडा काही दोनला शिवेना. दीड, मग दीडच्याही खाली. डॉक्टरीणबाईंनी गोळी वाढवली, आकडा जरा वर आला आणि परत बसला. पुन्हा वाढवली. मी घरी आलेख काढला. अशी रेघ माझ्या वर्गातल्या पोरानं काढली असती तर मी त्याला पट्टी नीट धर म्हणून सांगितलं असतं.

"गोळ्या चुकवता का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

हे घरी कळल्यावर आईला राग आला. "मी देते की माझ्या हातानं. माझ्यावर विश्वास नाही काय त्यांचा?" आणि त्या रागात तिनं अंबाडी जरा जास्तच वाढली.

सप्टेंबर संपता संपता मी काठी घेऊन शाळेत जायला लागलो. एक दिवस जिना चढताना मधल्या वळणावर छातीत कळ आली आणि श्वास अर्धाच यायला लागला. मी पायरीवर बसलो. खालून नववीची मुलं येत होती, त्यांना वाटलं सर विचार करतायत. गणिताच्या शिक्षकाचा हा तोटा असतो, तो कुठंही गप्प बसला तरी लोकांना वाटतं विचार करतोय. शेवटी शिपायानं ओळखलं आणि मला उचललं.

गाठीचा तुकडा फुप्फुसात गेला होता. छोटा होता म्हणून मी हे लिहितोय. नाकाला ऑक्सिजन, पोटात इंजेक्शनं. घाबरलो होतो, हे सरळ सांगतो. पिकअपखाली आलो तेव्हा घाबरायला वेळच मिळाला नव्हता. इथं भरपूर मिळाला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई माझ्या कॉटशेजारी बसल्या आणि बायकोला म्हणाल्या, "गोळ्या चुकत नाहीत म्हणता. मग यांच्या जेवणात काय असतं ते सांगा."

बायको जिल्हा परिषदेत आहे. तिला माहिती सविस्तर द्यायची सवय आहे. तिनं सोमवारपासून सुरुवात केली. बुधवारपर्यंत आल्यावर डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं.

"पालेभाजी रोज?"

"दोन्ही वेळा."

"किती?"

बायकोनं हातानं दाखवलं. ते मोठं पातेलं होतं.

मग आम्हाला कळलं ते असं. पालेभाजीत एक जीवनसत्त्व असतं, शरीर त्याच्यावर रक्त गोठवायचं सामान तयार करतं. आणि गोळीचं काम नेमकं ते तयार होऊ न देणं. म्हणजे माझ्या पोटात दोन वेळा कुस्ती लागत होती, आणि गोळी होती बारकी आणि भाजी होती आईची. निकाल लागणारच होता. "आमच्याकडून सांगायचं राहिलं असेल, किंवा तुमच्याकडून ऐकायचं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आता भाजी एकदम बंद करू नका, नाहीतर आकडा उलटा उडेल. हळूहळू कमी करत आणू. मग रोज दोन चमचे. रोज तेवढीच. कमी नाही, जास्त नाही."

त्या गेल्या. दाराबाहेर बाकड्यावर आई बसली होती. तिच्या मांडीवर डबा होता, आणि त्यात राजगिऱ्याची भाजी होती.

"आईंना सांगायचं नाही," बायको म्हणाली.

का, ते मला विचारावं लागलं नाही. माझे वडील काही वर्षांपूर्वी गेले, हृदयविकारानं. डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं की हृदय आधीपासून थकलेलं होतं. पण त्यांना साखर होती, आणि जायच्या आठवड्यात सणाला आईनं त्यांना बासुंदी वाढली होती, त्यांनीच मागितली म्हणून. त्या बासुंदीचा काही संबंध नव्हता. हे तिला डॉक्टरांनी सांगितलं, मी सांगितलं, मामानं सांगितलं. तिनं मान हलवली. आणि त्यानंतर आमच्या घरात बासुंदी शिजली नाही, आणि आईनं गोड पदार्थाला हात लावला नाही. आजतागायत नाही.

तेव्हा संबंध नव्हता. आता होता. हे तिला कळलं तर ती स्वयंपाकघरातून बाहेर येऊन बसेल आणि परत आत जाणार नाही, याची आम्हाला खात्री होती. भांडी घासेल, तांदूळ निवडेल, पण कुणाच्या ताटात काही वाढणार नाही. आणि आईच्या हातून पळी गेली तर मागं आई किती उरेल, याची मला त्या ऑक्सिजनच्या नळीपेक्षा जास्त भीती वाटली.

म्हणून सांगायचं नाही, असं ठरलं. ठरवणं सोपं होतं.

घरी आल्यावर मी म्हटलं, पालेभाजीनं पोटात वायू धरतो. आईनं दुसऱ्या दिवसापासून भाजीत ओवा आणि हिंग घातला. मी म्हटलं, तोंडाला चव नाही. तिनं लसूण वाढवला. बायकोनं सुचवलं, आई, थोडे दिवस दोडका करू या. आई म्हणाली, "दोडक्यानं रक्त होतं का? कुठल्या पुस्तकात आहे?"

शेवटी उपाय सापडला तो मागच्या भिंतीपलीकडं. आमच्या मागं एक मावशी राहतात, मंगळवेढ्याकडच्या, धनगर घरातल्या. मुलगा इथं कारखान्यात लागला म्हणून आल्या, येताना शेळी घेऊन आल्या. शेळी आमच्या भिंतीला लागूनच बांधलेली असते. मी आईला सांगितलं, मला जेवताना वारा लागतो, मी ताट घेऊन मागच्या ओट्यावर बसतो. तिथं बसून मी भाजी डॉक्टरीणबाईंनी सांगितल्याच्या मापानं खायचो आणि उरलेली भिंतीवरून पलीकडं. पहिले दोन दिवस शेळीला शंका होती. तिसऱ्या दिवशी माझी काठी वाजली की ती भिंतीवर पुढचे पाय टाकून उभी राहायला लागली.

आकडा दोनच्या वर आला आणि तिथं बसला. डॉक्टरीणबाई खूश. आई तर फारच खूश. "बघ," ती म्हणायची, "भाजीनं आलं की नाही रक्त?" मी हो म्हणायचो. शेळीचा आकडा कुणी तपासला नाही.

दिवाळी झाली, थंडी पडायला लागली. मंडईत करडईची कोवळी भाजी आली, हरभऱ्याचे शेंडे आले. आणि त्याच सुमारास आईच्या हाताला काहीतरी झालं. भाजी बेचव लागायला लागली. आधी वाटलं, मीठ विसरली असेल. मग रोजच. मीठ नाही, मिरची नाही, लसूणही नाही. नुसती शिजवलेली पानं. वरण मात्र नीट, चटणी नीट, फक्त माझ्या वाटीतली भाजी अशी. मी माझे दोन चमचे कसेबसे गिळायचो आणि मला वाईट वाटायचं. जिच्या हातच्या भाजीसाठी मामा गावाहून यायचा, तिला मिठाचा विसर पडावा? वय माणसाला कुठून धरेल सांगता येत नाही. मी बायकोला म्हटलं, आईला एकदा डॉक्टरांकडं न्यायला हवं, चव गेलीय तिची. बायको ताटं विसळत होती. नळ मोठा करून म्हणाली, "वय झालं हो आता."

मग आली येळवस. पंचांगात वेळ अमावस्या, आमच्या भागात येळवस. त्या दिवशी शहर ओस पडतं आणि ज्याचं कुणाचं शेत असेल तो गाडी भरून शेतात जातो. जाणाऱ्या-येणाऱ्यालाही हाताला धरून जेवायला बसवतात. कडब्याची कोपी, म्हणजे खोपट, करतात, आत पांडव म्हणून चुन्यानं रंगवलेले दगड पुजतात आणि मग जेवण. अंबील असते, बाजरीचे उंडे असतात, खीर असते. पण येळवस म्हणजे खरी भज्जी. तुरीचे, हरभऱ्याचे, वाटाण्याचे ओले दाणे आणि शेतात असेल नसेल तो सगळा पाला एकत्र शिजवून, हरभऱ्याच्या पिठात घोटून केलेली. वर्षभरात एकदा. ती नको म्हणणारा माणूस अजून त्या भागात जन्मलेला नाही.

आम्ही दरवर्षी मामाच्या शेतात जातो. जाताना गाडीत बायको आणि मी खुणेनं बोलत होतो. ठरलं असं की मी पोट धरायचं. अक्कलकोट रोडवर ती खडी अजून तशीच होती.

शेतात पूजा झाली, पंगत बसली. वीस-पंचवीस माणसं, मांड्या घालून, मी एकटा पाय पसरून. मामी भज्जीचं पातेलं घेऊन ओळीनं येत होती. माझा हात पोटाकडं निघालाच होता, तेवढ्यात पंगतीच्या पलीकडून आईचा आवाज आला.

"ब्याड. त्याला नको वाढूस."

कन्नडमध्ये ब्याड म्हणजे नको. मामी पळी धरून जाग्यावर थांबली. सगळी पंगत थांबली.

"माझ्या हातच्या भाजीनंच त्याच्या छातीत गाठ गेली होती," आई म्हणाली. पावसापाण्याचं बोलावं तशा आवाजात. "दोन चमचे चालतात. दे ती पळी, मी वाढते."

मामाच्या हातात उंडा तसाच राहिला. मी बायकोकडं पाहिलं. ती लक्ष देऊन खिरीकडं बघत होती.

आई पातेलं घेऊन माझ्यासमोर येऊन बसली.

"तुला कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"शेळीवालीनं. दिवाळीच्या आधी दारात आली, खरवस घेऊन. म्हणाली, आक्का, तुमच्या भाजीनं माझी शेळी काय बाळसं धरलीया, तिळं झाली की, तिन्ही पिलं ठणठणीत. म्हटलं, माझी भाजी? तर म्हणाली, मास्तर रोज घालत्यात की भित्तीवरनं, लई दयाळू हायती." आईनं बायकोकडं मान वळवली. "मग हिला बसवून विचारलं. हिनं दुसऱ्या प्रश्नाला सगळं सांगितलं."

जिल्हा परिषदेतली माहिती, ती सविस्तरच असणार.

"मग तू भाजी करत का राहिलीस रोज?"

"तू इतकं मन लावून लपवत होतास. म्हटलं, करू दे नाटक, पाय मोडल्यापासून दुसरी करमणूक काय आहे त्याला?"

"आणि ते मीठ?"

"शेळीला घालत होतास ना ती? बाळंतीण ती. तिला तिखट-मीठ कसं सोसेल?"

पलीकडं कुणीतरी हसलं. मग सगळेच हसले. मामा तर उंडा खाली ठेवून हसला. मला मात्र हसू आलं नाही. ज्या गोष्टीसाठी मी दोन महिने भिंतीपाशी बसून जेवलो होतो, ती गोष्ट आता पंगतीत मांडली गेली होती, आणि तिचं पुढं काय होणार हे अजून कळलं नव्हतं. आईचं स्वतःचं ताट मागं तसंच पडलं होतं, कोरं.

"आई," मी हळू म्हटलं, "तू भाजी सोडलीस का? बासुंदीसारखी?"

तिनं पातेल्यात एकदा पळी फिरवली.

"सोडणार होते," ती म्हणाली. "हिनं सांगितलं त्या रात्री जेवले नाही. सकाळी उठून बघितलं तर तू ओट्यावर बसून दात घासत होतास, आणि त्या शेळीशी काहीतरी बोलत होतास. मग म्हटलं, कुणासाठी सोडू? गेलेल्या माणसासाठी सोडता येतं. तू आहेस की समोर. तुला जेवायला तर लागणार."

मग तिनं वाढली. चमचाच घेतला, पळी नाही. एक, आणि दुसरा. दुसऱ्या चमच्यावरचं जास्तीचं बोटानं पातेल्यात परत सारलं. मग उठून स्वतःच्या ताटात पळी भरून भज्जी वाढून घेतली आणि माझ्यासमोर येऊन जेवायला बसली.

मी खाल्ली. मीठ होतं, मिरची होती, लसूण होता, ओल्या तुरीचे दाणे होते. इतक्या दिवसांनी दोन चमचे म्हणजे किती थोडे असतात ते कळलं. मी ताट पुढं केलं.

"अजून एकच," मी म्हटलं.

तिनं माझ्या ताटावर आडवा हात धरला.

"साकु," ती म्हणाली.